निसर्गोपचार डॉक्टर होण्यासाठी शिक्षण, नोंदणी आणि परवाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निसर्गोपचाराकडे करिअर म्हणून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मनात सहसा पहिला प्रश्न कॉलेजचा असतो. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: शिक्षण संपल्यावर व्यवसाय कोणत्या राज्यात किंवा कोणत्या देशात करायचा आहे? या क्षेत्रात पदवी आणि व्यवसायाचा कायदेशीर अधिकार या दोन गोष्टी सर्वत्र एकत्र येत नाहीत. पुढील उत्तरे हे लक्षात ठेवूनच लिहिली आहेत.

भारतात निसर्गोपचार डॉक्टर होण्यासाठी कोणती पदवी घ्यावी लागते?

बॅचलर ऑफ नॅचरोपॅथी अँड योगिक सायन्सेस, म्हणजेच बी.एन.वाय.एस., ही त्यासाठीची पूर्णवेळ वैद्यकीय पदवी आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप असा तिचा एकूण साडेपाच वर्षांचा कालावधी असतो, आणि ती आरोग्य विज्ञान विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांतून दिली जाते. कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि तमिळनाडूत डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठ ही यांतील ठळक नावे होत. धर्मस्थळाजवळच्या उजिरे येथे १९८९ मध्ये सुरू झालेले एस.डी.एम. महाविद्यालय हे या पदवीच्या आद्य केंद्रांपैकी एक असून आजही त्याचे नाव आदराने घेतले जाते. हैदराबादचे गांधी नॅचरोपॅथिक मेडिकल कॉलेज, चेन्नई आणि म्हैसूर येथील शासकीय महाविद्यालये हीदेखील विद्यार्थ्यांच्या यादीत असतात.

प्रवेशासाठी पात्रता काय आहे? नीट द्यावी लागते का?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय असणे ही मूलभूत अट आहे. प्रवेशाची पद्धत मात्र राज्यागणिक बदलते. कर्नाटकात या पदवीचे प्रवेश राज्याच्या परीक्षा प्राधिकरणाच्या सीईटीमार्फत होत आले आहेत, तर तमिळनाडूत बारावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लावण्याची पद्धत राहिली आहे. एम.बी.बी.एस. किंवा बी.ए.एम.एस. यांना देशभर नीट हा एकच दरवाजा आहे. तशी एकसंध व्यवस्था येथे उभी राहिलेली नाही. म्हणून गेल्या वर्षी कोणाला कसा प्रवेश मिळाला या ऐकीव माहितीवर न थांबता, ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचे त्या राज्याचे माहितीपत्रक स्वतः वाचावे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. कर्नाटकातील शासकीय कोट्याच्या जागांसाठी त्या राज्यात ठरावीक वर्षे शिक्षण झालेले असावे लागते, त्यामुळे बाहेरच्या विद्यार्थ्याला बहुधा व्यवस्थापन कोट्याचा आणि अधिक शुल्काचा मार्ग उरतो. याला एक अपवाद आहे आणि सीमाभागातील अनेक कुटुंबांना तो ठाऊक नसतो. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज या तालुक्यांत शिकलेल्या, मातृभाषा कन्नड, तुळू किंवा कोडव असलेल्या विद्यार्थ्यांसाठी कर्नाटकच्या नियमांत ‘गडिनाडू कन्नडिग’ हे स्वतंत्र कलम आहे. त्याच्या अटींत आपण बसतो का, हे अर्ज भरण्याआधी तपासून पाहावे.

साडेपाच वर्षांत नेमके काय शिकवले जाते?

सुरुवातीला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र हे विषय असतात आणि त्यांच्याच जोडीने निसर्गोपचाराचे तत्त्वज्ञान व योगाची मूलतत्त्वे शिकवली जातात. पुढे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, सामुदायिक आरोग्य आणि न्यायवैद्यक येतात. नंतरच्या वर्षांत रोगनिदान, मर्दनोपचार, ॲक्युपंक्चर, उपवास व आहारोपचार, जलोपचार, वनस्पतिशास्त्रीय उपचार, भौतिकोपचार, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, मानसशास्त्र, प्रथमोपचार व तातडीचे वैद्यक आणि संशोधनपद्धती यांचा समावेश होतो.

मातीची पट्टी, कटिस्नान आणि फळांचा रस एवढ्यापुरताच हा अभ्यास असेल असे समजून प्रवेश घेणारे विद्यार्थी पहिल्याच वर्षी गडबडतात, कारण शवविच्छेदनाच्या टेबलाशी आणि जैवरसायनाच्या प्रयोगशाळेत त्यांना इतर वैद्यकीय विद्यार्थ्यांइतकेच कष्ट करावे लागतात. हा पाया आवश्यकच आहे. उपवासावर ठेवलेल्या रुग्णाची रक्तशर्करा कधी धोक्याच्या पातळीला जाईल, किंवा गरम पाण्याचे उपचार कोणत्या हृदयरुग्णाला देऊ नयेत, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती रुग्ण सोपवता येणार नाही. महाविद्यालय निवडताना त्याला जोडलेले रुग्णालय खरोखर चालते का, आंतररुग्ण विभागात रुग्ण असतात का, आणि इंटर्नशिपचा काही काळ सामान्य रुग्णालयात घालवता येतो का, याची चौकशी इमारतीच्या भव्यतेपेक्षा अधिक मोलाची ठरते.

महाराष्ट्रात निसर्गोपचाराची परंपरा जुनी आहे; मग त्याविषयीची कायदेशीर चौकट इतकी अपुरी का?

याचे एक कारण या परंपरेच्या स्वरूपातच आहे. पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते, तेथे महात्मा गांधी अनेकदा राहिले आणि १८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथेच ऑल इंडिया नेचर क्युअर फाउंडेशन ट्रस्टच्या दस्तऐवजावर त्यांनी स्वाक्षरी केली. राष्ट्रीय निसर्गोपचार दिन म्हणून १८ नोव्हेंबर हाच दिवस पाळला जातो. १९४६ मध्ये उरुळी कांचनला गांधीजींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम उभा राहिला आणि मणिभाई देसाई यांनी तो वाढवला. या सगळ्यांचा भर गावातल्या गरीब माणसाला स्वतःचे आरोग्य स्वतः सांभाळता यावे यावर होता. पदवी, परिषद, नोंदणी हे शब्द त्या विचारात फारसे नव्हतेच. आश्रमातून आणि सेवाभावी केंद्रांतून वाढलेली ही पद्धती विद्यापीठीय पदवीपर्यंत उशिरा पोहोचली, आणि कायदा त्या पदवीच्याही मागे राहिला.

मेहतांच्या त्या वास्तूत, म्हणजे बापू भवनात, १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था कार्यरत आहे. ही संस्था उपचार, प्रशिक्षण आणि प्रसार करते. डॉक्टरांना व्यवसायाचा कायदेशीर परवाना देणे हे तिचे काम नाही. तीच गोष्ट १९७८ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या केंद्रीय योग व निसर्गोपचार संशोधन परिषदेची. तिच्या नावातील ‘परिषद’ हा शब्द वाचून ती वैद्यक परिषदेसारखी नियामक संस्था असावी असा गैरसमज होतो, परंतु तिचे काम संशोधनाचे आहे.

बी.एन.वाय.एस. झाल्यावर देशभर कोठेही व्यवसाय करता येतो का?

असे गृहीत धरू नये. या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे.

आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) या पद्धती २०२० च्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग कायद्याखाली येतात आणि होमिओपॅथीसाठी त्याच वर्षीचा स्वतंत्र आयोग कायदा आहे. योग आणि निसर्गोपचार यांचा या दोन्हींत समावेश नाही. या पारंपरिक पद्धतींच्या ‘आयुष’ (AYUSH) या एकत्रित इंग्रजी नावातील दुसरे अक्षर, Y, योग व निसर्गोपचारासाठीच असले, तरी त्या पद्धतीच्या डॉक्टरांची अखिल भारतीय वैधानिक नोंदवही या कायद्यांनी निर्माण केलेली नाही. परिणामी अधिकार राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहतो. कर्नाटकच्या १९६१ च्या वैद्य नोंदणी कायद्याच्या नावातच आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांच्यासोबत नॅचरोपॅथी आणि योग हे शब्द आहेत, म्हणून तेथील पदवीधराला राज्य मंडळाकडे रीतसर नोंदणी करता येते. ज्या राज्याच्या कायद्यात हे शब्द नाहीत, तेथे तीच पदवी घेतलेला तरुण अनिश्चिततेत सापडतो.

केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्याने निसर्गोपचाराचा मान्यताप्राप्त वैद्यकीय पद्धतींत स्पष्ट उल्लेख केलेला आहे, आणि पदवीधर त्याचा आधार अनेकदा देतात. मात्र तो कायदा दवाखाने आणि रुग्णालये यांच्या नोंदणीसंबंधी आहे, व्यक्तीच्या व्यवसायाच्या अधिकारासंबंधी नाही. शिवाय तो स्वीकारलेल्या राज्यांतच लागू होतो.

मग महाराष्ट्रात दवाखाना काढायचा असेल तर काय करावे?

महाराष्ट्राने २०१० चा केंद्रीय कायदा स्वीकारलेला नसून येथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. वैद्यकीय व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी असलेला १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा प्रामुख्याने आयुर्वेद आणि युनानीच्या अर्हतांभोवती रचलेला आहे. नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय करण्यास तो मनाई करतो. या परिस्थितीत ‘सगळेच करतात’ या भरवशावर पाटी लावणे धोक्याचे आहे.

आमचा सल्ला असा की, प्रवेश घेण्यापूर्वीच महाराष्ट्र शासनाचा आयुष विभाग आणि संबंधित परिषद यांना लेखी पत्र पाठवून, अमुक विद्यापीठाच्या बी.एन.वाय.एस. पदवीधारकाची नोंदणी आज कोठे व कोणत्या नियमाखाली होते असा थेट प्रश्न विचारावा. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. ज्या राज्यात शिक्षण झाले तेथे नोंदणी होत असेल तर ती अवश्य करून घ्यावी, परंतु एका राज्याची नोंदणी दुसऱ्या राज्यात आपोआप चालते असे मानू नये. पालकांना ही खटपट अनावश्यक वाटू शकते. साडेपाच वर्षे आणि काही लाख रुपये खर्च झाल्यानंतर हाच प्रश्न उभा राहिला, तर त्याची झळ मात्र मुलालाच बसते.

पत्राद्वारे मिळणारी निसर्गोपचाराची एन.डी. किंवा एन.डी.डी.वाय. पदविका पुरेशी आहे का?

डॉक्टर म्हणून व्यवसाय करण्यासाठी नाही. एक ते साडेतीन वर्षांच्या, बहुतांशी घरी बसून पूर्ण होणाऱ्या पदविकांची आपल्याकडे मोठी बाजारपेठ आहे आणि त्यांच्या जाहिरातींत ‘शासनमान्य’, ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’, ‘नावापुढे डॉ. लावा’ असे शब्द सढळपणे वापरले जातात. संस्था सोसायटी किंवा न्यास म्हणून नोंदलेली असणे आणि तिच्या अभ्यासक्रमाला वैद्यकीय शिक्षण म्हणून मान्यता असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि जाहिरात नेमके हेच अंतर झाकते. ‘एन.डी.’ या अक्षरांमुळे गोंधळ आणखी वाढतो, कारण अमेरिकेत हीच अक्षरे चार वर्षांच्या पूर्णवेळ व्यावसायिक पदवीसाठी वापरली जातात.

ज्यांनी अशी पदविका आधीच घेतली आहे त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. स्वतःच्या आणि कुटुंबाच्या आरोग्यासाठी त्या ज्ञानाचा उपयोग होतो, आणि पात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार सहायक म्हणून काम करणे हा प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे. चांगला मालिश करणारा किंवा जलोपचार देणारा सहायक मिळणे निसर्गोपचार केंद्रांना नेहमीच अवघड जाते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय संस्थेनेही अशा सहायकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम चालवलेला आहे. रुग्णाचे निदान करून उपचार ठरवणे ही मात्र त्यांच्या अधिकारातली गोष्ट नाही.

योगशिक्षकाचे सरकारी प्रमाणपत्र असेल तर रुग्णांवर उपचार करता येतात का?

नाही. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग प्रमाणन मंडळ योगशिक्षकांची परीक्षा घेऊन विविध स्तरांची प्रमाणपत्रे देते. ती शिकवण्याची क्षमता दाखवतात. त्यांतून वैद्यकीय व्यवसायाचा अधिकार मिळत नाही.

निसर्गोपचार डॉक्टरला ॲलोपॅथीची औषधे लिहिता येतात का?

लिहू नयेत. होमिओपॅथीच्या एका नोंदणीकृत डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला, त्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्या पद्धतीचे शिक्षण व नोंदणी नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा आहे. हे तत्त्व निसर्गोपचारकालाही लागू पडते.

याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. दुसऱ्या डॉक्टरने सुरू केलेले इन्सुलिन, क्षयरोगाची औषधे किंवा अपस्माराच्या गोळ्या रुग्णाला परस्पर बंद करायला सांगणे हेदेखील आपल्या अधिकाराबाहेरचे आहे, आणि त्याने माणसे दगावतात. आहारबदलाने आणि वजन घटल्याने मधुमेहाच्या रुग्णाच्या औषधाची मात्रा कमी करण्याची वेळ येऊ शकते. ती त्याच्या मूळ डॉक्टरशी बोलून, तपासण्या करून कमी व्हायला हवी. निसर्गोपचारातील काही उपचारांच्या परिणामांचा चांगला अभ्यास झालेला आहे, अनेकांचा अजून पुरेसा झालेला नाही, आणि प्रामाणिक डॉक्टरने रुग्णाला हा फरक सांगितला पाहिजे. जाहिरातीबाबतही कायदा कडक आहे: १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग यांसारखे विशिष्ट आजार बरे करण्याचे दावे करून औषधांची वा उपायांची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. फलकावर ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ असे लिहिण्याआधी हा कायदा वाचावा.

पुढील शिक्षण आणि नोकरीच्या संधी कोणत्या?

निसर्गोपचार आणि योग या विषयांत तीन वर्षांची एम.डी. पदवी कर्नाटक व तमिळनाडूत उपलब्ध आहे. काही पदवीधर सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन किंवा पोषणशास्त्र या विषयांकडे वळतात, आणि ज्यांना आपल्या राज्यातील नोंदणीविषयी खात्री नाही त्यांच्यासाठी हा शहाणपणाचा मार्ग आहे. शासकीय पदांच्या बाबतीत तमिळनाडूने विशेष पुढाकार घेऊन सरकारी रुग्णालयांत योग व निसर्गोपचाराचे डॉक्टर नेमले. खासगी क्षेत्रात बेंगळुरूच्या जिंदल नेचरक्युअरसारखी मोठी केंद्रे, तसेच गोवा आणि केरळमधील आरोग्य पर्यटनाची ठिकाणे नोकऱ्या देतात. पर्यटनाच्या ठिकाणी मात्र डॉक्टरचे काम हळूहळू पाहुण्यांचे आदरातिथ्य करण्याकडे सरकू शकते, म्हणून निदान सुरुवातीची वर्षे तरी खऱ्या आंतररुग्णांच्या केंद्रात काढावीत असे आम्हाला वाटते.

अमेरिका आणि कॅनडा येथे नॅचरोपॅथिक डॉक्टर कसे होता येते?

तेथील मार्ग वेगळा आणि बराच काटेकोर आहे. आधी आवश्यक विज्ञान विषयांसह पदवी घ्यावी लागते, आणि त्यानंतर चार वर्षांचा पूर्णवेळ एन.डी. अभ्यासक्रम करावा लागतो. या अभ्यासक्रमांना कौन्सिल ऑन नॅचरोपॅथिक मेडिकल एज्युकेशन ही संस्था अधिस्वीकृती देते. तिच्या मानकांनुसार किमान ४,१०० तासांचे शिक्षण आणि त्यांपैकी किमान १,२०० तासांचे प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे प्रशिक्षण अपेक्षित असते. अशी महाविद्यालये थोडीच आहेत. पोर्टलंडमधील १९५६ साली स्थापन झालेले विद्यापीठ, सिएटलजवळचे बॅस्टिर विद्यापीठ, ॲरिझोनातील सोनोरन विद्यापीठ आणि टोरँटोचे कॅनेडियन कॉलेज ऑफ नॅचरोपॅथिक मेडिसिन ही त्यांतील परिचित नावे आहेत. अलीकडे काही अभ्यासक्रम बंद पडले आहेत, काहींचे विलीनीकरण झाले आहे, त्यामुळे अधिस्वीकृतीची सद्यःस्थिती स्वतः तपासून घ्यावी.

परवान्यासाठी एनप्लेक्स ही परीक्षा दोन टप्प्यांत होते: पहिला टप्पा मूलभूत वैद्यकीय शास्त्रांचा आणि दुसरा, अभ्यासक्रम पूर्ण झाल्यानंतर, चिकित्सेचा. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही परवाना देणारे राज्यच असते. हवाईने १९२५ मध्ये आणि ओरेगॉनने १९२७ मध्ये कायदा केला, कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये. याउलट साउथ कॅरोलायना आणि टेनेसी या राज्यांत नॅचरोपॅथीचा व्यवसाय कायद्यानेच निषिद्ध आहे. ओरेगॉनमध्ये एन.डी. डॉक्टर अनेक औषधे लिहून देऊ शकतो, दुसऱ्या राज्यात त्याच पदवीवर तो केवळ सल्ला देऊ शकतो. युटाह राज्य एक वर्षाच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतर देखरेखीखाली घेतलेल्या प्रशिक्षणाची) अट घालते, बहुतेक ठिकाणी ती ऐच्छिक आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा आणि ओंटारियो या प्रांतांत हा व्यवसाय नियमनाखाली आहे. ओंटारियोतील सध्याची नियामक व्यवस्था जुलै २०१५ पासून लागू झाली. शिक्षणाचा खर्च मोठा असून अमेरिकेची मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना या डॉक्टरांच्या सेवेचा खर्च देत नाही, हे कर्ज काढण्याआधी हिशेबात धरावे.

बी.एन.वाय.एस. पदवीधराला थेट एनप्लेक्स देता येते का?

थेट देता येत नाही, कारण त्या परीक्षेसाठी उत्तर अमेरिकेतील अधिस्वीकृत अभ्यासक्रमाचे शिक्षण अपेक्षित असते. काही महाविद्यालये आधीच्या वैद्यकीय शिक्षणाचे मूल्यमापन करून काही विषयांत सूट देतात. किती सूट मिळेल हे प्रत्येक अर्जदाराच्या गुणपत्रिकांवर ठरते. भारतातून जाण्यापूर्वी विद्यापीठाकडून तासिकांचा तपशील, अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत आणि इंटर्नशिपचे प्रमाणपत्र घेऊन ठेवावे, कारण परदेशातून ही कागदपत्रे मिळवणे अतिशय जिकिरीचे ठरते.

इतर देशांत काय स्थिती आहे?

ऑस्ट्रेलियात नॅचरोपॅथी हा राष्ट्रीय नोंदणी असलेल्या आरोग्य व्यवसायांत नाही. ब्रिटनमधील नोंदवह्या स्वेच्छेच्या आहेत. जर्मनीत १९३९ च्या कायद्याखाली ‘हाइलप्राक्टिकर’ हा डॉक्टरांव्यतिरिक्तचा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि स्थानिक आरोग्य कार्यालयाकडून घेतली जाणारी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा जर्मन भाषेत होते, आणि रुग्णाला आपल्यामुळे धोका होणार नाही एवढे वैद्यकीय ज्ञान उमेदवाराजवळ आहे का, हे तीत पाहिले जाते.